पंधराशे रुपयांत काय ऐकू येतं

हौशी: पंधराशे रुपयांत चांगला हेडफोन येत नाही, हे तुमचं वाक्य दहा-पंधरा वर्षांपूर्वी खरं होतं, काका. तेव्हा स्टेशनबाहेर शंभराला मिळायचा तो कर्कश, आणि चांगला हवा तर गल्फमधून कुणी सुट्टीवर यायची वाट बघायची. मधल्या काळात चिनी कारखान्यांनी कानात आत बसणारे वायरचे इयरफोन असे काही काढले, की आज हजार-दीड हजाराचा नग पाच-सात हजारांच्या नगाशेजारी ठेवून डोळे मिटून ऐकला तर माणूस गोंधळतो. हे दुकानदाराचं बोलणं नाही. येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांचे आलेख किमतीशी ताडून पाहिले. आलेख म्हणजे खर्जापासून टिपेपर्यंत कुठला स्वर तो हेडफोन किती मोठा वाजवतो, किती दाबतो, याचं चित्र. किंमत आणि आलेख यांत काही संबंध सापडला नाही. महाग नगात मजबुती मिळत असेल, गादी मऊ मिळत असेल, नाव मिळत असेल. आवाजाची हमी त्या किमतीत नसते.

शंकेखोर: संबंध सापडला नाही याचा अर्थ स्वस्त ते चांगलं असा होत नाही ना रे. किमतीवरून काही कळत नाही, एवढाच होतो. मग गिऱ्हाइकाने कशावरून ओळखायचं? डब्यावर काय असतं बघ. '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' हे दोनशेच्याही डब्यावर असतं आणि वीस हजारांच्याही. किती चढउतारासह, ते कुणी लिहीत नाही, म्हणजे लिहून न लिहिल्यासारखंच. तेरा मिलिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा भाग, म्हणून मिरवतात, तर आठ मिलिमीटरचा त्याच्याहून स्वच्छ वाजू शकतो. आणि मोठ्या अक्षरात काय, तर बास. मी तर म्हणतो, तुझं ते संशोधन गिऱ्हाइकाच्या हातातली शेवटची खूणही काढून घेतं. पूर्वी निदान 'महाग आहे म्हणजे बरं असेल' एवढा तरी आधार होता.

हौशी: तो खोटा आधार गेला तर बरंच झालं. डबा वाचायचाच नाही, फक्त एक गोष्ट सोडून: ब्लूटूथचा घेत असाल तर 'आर'ने सुरू होणारा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, नोंदणी क्रमांक. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकून खरा की खोटा ते बघता येतं, आणि नाक्यावरच्या नकली मालातला बराचसा तिथेच गळतो. अर्थात तो क्रमांक विजेच्या सुरक्षेपुरता. गाण्याबद्दल तो काही बोलत नाही. गाण्यासाठी आपलाच कान लावायचा, पण शिस्तीने. माझ्या फोनमध्ये तीन गोष्टी ठेवलेल्या असतात. एक नुसता तानपुरा. दुसरं ओळखीच्या बाईमाणसाचं साधं बोलणं. आणि तिसरा जव्हारकडे एका लग्नात फोनवर घेतलेला तारपा. तारप्यासारखी परीक्षा नाही. वाजवणारा श्वास तोडत नाही, त्यामुळे सूर सलग चालतो. वाईट इयरफोनमध्ये त्याचा नुसता डास होतो. बऱ्यामध्ये त्या गुणगुणीच्या खाली वाळक्या भोपळ्याचं पोकळ अंग ऐकू येतं, पुढे ताडपानाच्या कर्ण्याची खरखर येते, आणि मागे फेर धरणाऱ्यांचे पाय वेगळे राहतात. फोनवरचं साधं रेकॉर्डिंग आहे, तरी फरक कळतो. आणि दोन नग ताडताना दोन्हींचा आवाज सारखा लावायचा. किंचित मोठा वाजणारा नग नेहमी चांगला वाटतो. दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ज्याच्यात नफा जास्त तो जरा चढवून ऐकवतात.

शंकेखोर: आणि बोईसरात कुठल्या दुकानात तुला कानात घालून बघू देतात? सीलबंद डबा, 'उघडला तर घ्यावा लागेल'. दुकानदाराचंही चूक नाही. एकाच्या कानातला मळ दुसऱ्याच्या कानात कोण घालेल? पावसाळ्यात इथल्या दमट हवेत कानाला बुरशी धरते, डॉक्टरकडे रांगा असतात. म्हणजे तुझी तानपुऱ्याची परीक्षा घरी आल्यावर, पैसे दिल्यावर. घ्यायच्या आधी तू यूट्यूबवरचा माणूस ऐकणार. तो माणूस बंद खोलीत, एसी बंद करून ऐकतो आणि सांगतो की अमुक नगात टिपेला चमक कमी आहे. तू ऐकणार डहाणू लोकलमध्ये. सफाळ्याला गाडी एक्सप्रेस काढायला उभी करतील तेवढाच काय तो तुझा स्टुडिओ.

हौशी: इथे तुम्ही माझ्याच मुद्द्यावर आलात. लोकलमध्ये ऐकायचं, तर पैसे आवाजासाठी मोजायचेच नाहीत, बाहेरचा गोंगाट अडवण्यासाठी मोजायचे. हिशेब करू. दारं-खिडक्या उघडी ठेवून धावणाऱ्या लोकलमध्ये ८० डेसिबलच्या आसपास गोंगाट धरा. वैतरणेच्या पुलावर गाडी चढली की त्याहून वर. कानाच्या तोंडाशी नुसता लटकणारा, अडवत काही नाही असा इयरफोन घातला, तर शब्द कळायला आवाज ८५ ते ९० पर्यंत न्यावा लागतो. पुलावर बाजूच्या माणसाचा अंगठा बघा, न बघता आवाजाच्या बटणावर जातो. पूल संपल्यावर मात्र तो परत खाली येत नाही. आता जागतिक आरोग्य संघटनेचं माप घ्या: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. बोईसर-अंधेरी अपडाऊन करणाऱ्याचे रोजचे चार तास गाडीत जातात. ८९ ने ऐकलं तर त्याचा आठवडा मंगळवारी सकाळी विरार येतंय तोच संपला. याउलट कानात आत जाऊन घट्ट बसणारा, रबरी बुचाचा इयरफोन गोंगाट पंधरा-वीस डेसिबलने खाली आणतो. मग ७० ला तेच गाणं नीट ऐकू येतं आणि हिशेब ठेवायची गरजच राहत नाही. हे काम सातशे रुपयांचा नगही करतो.

शंकेखोर: बसला घट्ट तर.

हौशी: बसला तर, हो. आणि निम्म्या लोकांचा बसलेला नसतो. डब्यात तीन मापांची रबरं येतात, माणूस लावून आलेली मधली घालतो आणि बाकीची फेकतो. उजव्या-डाव्या कानाचं मापही सारखं असेलच असं नाही. कान वर आणि मागे ओढायचा, मग आत सारायचा, सोडायचा. पंख्याची घरघर विझली आणि स्वतःचं बोलणं डोक्याच्या आत घुमायला लागलं, तर बसला. फट राहिली की सगळ्यात आधी खर्ज गळून जातो. मग माणूस म्हणतो याला बास नाही, आणि पुढच्या वेळी 'एक्स्ट्रा बास'वाला आणतो. बासचा हा जो बाजार आहे ना, त्यातला अर्धा या फटीवर चालतो आणि उरलेला गाडीच्या खडखडाटावर, कारण तो खडखडाट खर्जालाच गिळतो.

शंकेखोर: बरं, घट्ट बसवला. मग ही नवीन पोरं जे नॉइज कॅन्सलेशन म्हणून घेतात ते कशाला?

हौशी: ते वेगळं काम करतं. बाहेरचा आवाज माइकने टिपून त्याच्या उलट लाट सोडतं. गाडीची सलग घुमी, एसीची घरघर, असे जाड आवाज त्याने खरंच जातात. बाजूला चाललेलं भांडण, फेरीवाल्याची हाक, बाळाचं रडणं जात नाही. ते रबरच अडवतं. आणि दारात उभे असाल तर वारा सरळ त्या माइकवर आदळतो, म्हणजे शांततेऐवजी कानात भोंगा. पंधराशेच्या आत मिळणारं कॅन्सलेशन बहुधा स्टिकरपुरतं असतं. शिवाय बड्समध्ये ४०-५० एमएएचचा एवढासा सेल. दोन-तीन वर्षांत तो दम सोडतो आणि बदलता येत नाही. आपल्याकडे तर चिंचणी-तारापूरच्या बाजूला हवेतच खार. घामाने आणि खाराने चार्जिंगच्या पिना हिरव्या पडतात, एक कान चार्ज होतो, दुसरा रुसतो. म्हणून मी वायरवाला. वायर निघणारी घ्यायची. तुटली तर दोन-तीनशेत नवी येते. न निघणारी असेल तर तुटते ती नेमकी जॅकच्या मानेपाशी, आणि मोबाइल रिपेअरवाला सोल्डर मारून देतो. फोनला जॅक नसेल तर छोटा टाइप-सी अडॅप्टर. आवाजाचा तोल थोडा बिघडलेला असेल तर फोनमधला इक्वलायझर फुकट आहे.

शंकेखोर: आता माझा हिशेब ऐक. तू आठवड्याचे ४० तास म्हणालास, ते कुणाचे? ज्याचा बाकीचा दिवस शांत आहे त्याचे. तारापूर एमआयडीसीत लूमच्या शेडमध्ये उभा राहणारा माणूस धर. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. रोज आठ तास, आठवड्याचे सहा दिवस, अठ्ठेचाळीस तास, सगळं कायद्यात बसतं. आणि तुझ्या त्या आरोग्य संघटनेच्या मापाने ९० डेसिबल किती वेळ चालेल?

हौशी: आठवड्याला चार तास.

शंकेखोर: चार तास. म्हणजे सोमवारी फर्स्ट शिफ्टला सातला उभा राहिलेला माणूस अकराच्या चहाला आठवड्याचं रेशन संपवून बसतो. तू म्हणशील ते माप गाणी ऐकणाऱ्यांसाठी आहे, कारखान्यासाठी नाही. खरं आहे. पण कानाला कसं कळणार, की हा आवाज गाण्याचा आणि हा मजुरीचा? त्या माणसाला तू सांगणार, अमुक नग घे, टिप फार छान आहे. लूमच्या आवाजाने कान जातो तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातो. तिथे खड्डा पडतो. माणसाला वाटतं सगळं ऐकू येतंय, फक्त लोक पुटपुटायला लागलेत. 'स' आणि 'श' आणि 'फ' गळतात. रात्री सगळं निजलं की कानात रातकिडा. अशा कानाला तुझ्या दीड हजाराच्या आणि पंधरा हजाराच्या नगातला फरक काय कळणार? तुझं सगळं शास्त्र शाबूत कानाचं आहे.

(लिहिणाऱ्याला इथे मध्ये तोंड घालावंसं वाटतं. हेडफोन घ्यावा कुठला, यावर मराठीत आणि इंग्रजीत जे काही लिहिलं जातं त्यात ऐकणारा माणूस नेहमी आरामात बसलेला असतो. त्याला नाईट शिफ्ट नसते, आणि तो कुठल्या आवाजातून उठून गाण्याकडे आला हे कुणी विचारत नाही. शंकेखोराचा सूर मला थोडा कडू वाटतो, पण हा प्रश्न विचारणारा मला दुसरा भेटलेला नाही. दोघांना बोलू द्यावं.)

हौशी: मोठ्या आवाजाने येणारं बहिरेपण कायद्यात नोंदवण्याच्या रोगांच्या यादीत आहे, काका. ते कागदावर आहे, शेडमध्ये कितपत येतं ते तुम्ही जाणता. पण त्याचा राग हेडफोनवर का? आणि हिशेब म्हणाल तर आता फोनच ठेवतो. किती डेसिबलने किती तास ऐकलं, आठवड्याचा कोटा किती भरला, ते दाखवतो, वर गेलात की आवाज खाली ओढतो. काही फोनांत तर कानाची छोटी चाचणी घेऊन, जिथे कमी ऐकू येतं तिथला आवाज उचलून द्यायचीही सोय आहे. खड्डा पडलेल्या कानासाठीच ती आहे.

शंकेखोर: तुझा फोन कोटा मोजतो तो अंदाजाने. त्याने किती वीज सोडली ते त्याला ठाऊक. पलीकडे लावलेला इयरफोन तेवढ्या विजेत किती ओरडतो, हे वायरवाल्या नगाबाबत त्याला कसं कळणार? कुणी संवेदनशील असतो, कुणी दगड. आणि शेडमधले आठ तास त्याच्या वहीत नसतातच. फोन तेव्हा लॉकरमध्ये. आपल्याच शेजारचं उदाहरण घे. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. तिथे आत जाणाऱ्या माणसाच्या छातीवर बॅज असतो. किरणांची मात्रा नोंदली जाते, पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ द्यायची नाही, असा दंडक आहे. मात्रा साठत जाते हे तिथे सगळ्यांना मान्य आहे, म्हणून वहीही एकच आहे. रस्त्याच्या अलीकडे, एमआयडीसीत, कानाची वही कुणाकडे आहे? कंपनीकडे शेडपुरती, फोनकडे गाण्यापुरती, आणि गणपतीत-लग्नसराईत डीजेसमोर घालवलेल्या रात्रींची कुणाकडेच नाही. खड्डा पडलेल्या जागी आवाज उचलून देतो म्हणतोस. म्हणजे जिथे जखम आहे तिथेच आणखी ओतायचं. चार दिवस बरं वाटेल, मान्य.

हौशी: मग तर घट्ट बुचाचा इयरफोन त्या माणसाला आणखी गरजेचा. आधीच कान दमलेला, त्याने लोकलचा गोंगाट तरी का सोसावा? काही न वाजवता नुसता कानात घालून बसला तरी पंधरा-वीस डेसिबलची विश्रांती. मी कित्येकदा तसाच बसतो. बाजूचा समजतो गाणं ऐकतोय, म्हणजे पत्ते खेळायला बोलावत नाही.

शंकेखोर: आणि बोईसरला उतरल्यावर? तसाच घालून रूळ ओलांडतो. ही मुंबई-अहमदाबादची मुख्य लाइन आहे. लोकल, मेमू, मालगाडी, राजधानी, सगळं याच रुळांवरून. विजेच्या इंजिनाला पूर्वीच्या वाफेच्या गाडीसारखी दुरून चाहूल नसते. तुझं बूच जेवढं चांगलं, तेवढा तो हॉर्न उशिरा कानात येणार. आवाज कमी ठेवून कान वाचवायचे, तर बाहेरचं बंद करावं लागतं. बाहेरचं उघडं ठेवून जीव वाचवायचा, तर आवाज चढवावा लागतो. यातला कुठला हेडफोन चांगला, ते सांग.

हौशी: महागड्यात त्याला उपाय आहे. बटण दाबलं की माइक बाहेरचे आवाज आत सोडतो.

शंकेखोर: पंधराशेत?

हौशी: पंधराशेतही लिहिलेलं असतं. पण त्या माइकाची 'स्स्' अशी सळसळ असते आणि दिशा नीट कळत नाही. हॉर्न वाजला हे कळतं, अपकडून की डाऊनकडून ते नाही. त्यापेक्षा वायर ओढून दोन्ही काढून गळ्यात टाकावेत. एकच कान काढला तर माणूस उरलेल्या कानात आवाज वाढवतो, म्हणजे तेही नाही. पण मला एक सांगा. शेडमध्ये तुम्हाला इयर प्लग दिलेले होते ना?

शंकेखोर: दिलेले होते. पिवळे, दाबून घालायचे.

हौशी: मग घालत का नव्हता?

शंकेखोर: घालून चालायचं नाही म्हणून. लूम बिघडायच्या आधी आवाज बदलतो. ठोका जरा जड पडतो, मध्ये एक बारीक किरकिर येते. ती ऐकली तर लूम वेळेत थांबवता येतो. नाही ऐकली तर कापड खराब, सुपरवायझरच्या शिव्या आणि वर कपात. प्लग घातला की सगळ्या लूम एकसारख्या. शेजारच्या लूमवरच्याने ओरडून सांगितलेलंही कळत नाही. सेफ्टी ऑफिसर राउंडला आला की घालायचे, गेला की खिशात. सगळेच तसं करायचे आणि कुणी वेडे म्हणून करत नव्हते.

हौशी: तेच तर. रुळावर तुम्ही मला जे सांगता, तेच शेडमध्ये तुमचं झालं. ज्याने कान वाचतात त्यानेच कामाचं ऐकू येणं बंद होतं. निवड हेडफोनमध्ये नाहीच मग. कुठल्या वेळी कुठला आवाज आपल्याला लागणार आहे, ते आधी कळायला हवं, आणि ते माणसाला आधी कळत नाही.

शंकेखोर: रबराला तर मुळीच कळत नाही. म्हणून म्हणतो, पंधराशे आहेत ना तुझ्याकडे? सातशेचा घे. उरलेल्यात पालघरला जाऊन एकदा कानाची ऑडिओमेट्री करून घे.

हौशी: मला काय झालंय? मी पंचविशीत आहे, लूमवर नाही, केमिकल कंपनीच्या ऑफिसात आहे.

शंकेखोर: झाल्यावर करतात ती वेगळी. आज कानाचा आलेख काढून ठेवलास तर पाच वर्षांनी ताडायला काहीतरी असेल. २८३ हेडफोनांचे आलेख निघालेत हे तुला पाठ आहे, स्वतःच्या दोन कानांचा एकही नाही.

हौशी: काढला आणि आजच खड्डा निघाला तर? माझं सोडा, त्या लूमवरच्या माणसाचं बघा. त्याच्या आलेखात खड्डा निघाला तर त्याने करायचं काय? हेडफोन बदलता येतो, नोकरी एवढी सहज बदलत नाही. कागद हातात आला म्हणून ठेकेदार त्याला शांत खात्यात टाकणार आहे का? उलट कमीच करेल. मग दिवसभराचा कोटा कधीच संपलेला तो माणूस संध्याकाळी घरी येऊन गाणं ऐकणार की नाही? तुमच्या वहीत त्याच्यासाठी एक मिनिटही उरलेलं नाही.

शंकेखोर: ऐकणार. ऐकावंच त्याने.

हौशी: किती?

शंकेखोर: ते मला विचारू नकोस. मी नाट्यगीत लावतो तेव्हा सून आतल्या खोलीतून ओरडते, अण्णा आवाज कमी करा. ती ओरडते ते मला दुसऱ्या हाकेला कळतं.